पेशी मेली ती कधी? एका फेरपरीक्षेच्या तयारीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका वैद्यकीय विद्यार्थिनीचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, तिला नुसतं 'स' म्हणू. पॅथॉलॉजीच्या, म्हणजे रोगामुळे पेशींत आणि अवयवांत होणाऱ्या बदलांच्या विषयाच्या, लेखी परीक्षेत ती थोडक्यात हुकली होती आणि फेरपरीक्षेला आठ आठवडे उरले होते. मी तेव्हा त्याच विषयाची रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर, होते. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी काम संपल्यावर तासभर बसायचं, असं ठरलं.

पहिल्या भेटीत तिची वही पाहिली आणि मलाच जरा ओशाळल्यासारखं झालं. माझी वही कधी इतकी नेटकी नव्हती. पेशीला होणारी इजा, नेक्रोसिसचे (इजेने फुटून होणाऱ्या पेशीमृत्यूचे) प्रकार, अपॉप्टोसिस (पेशीने स्वतःच नीटनेटकं मरणं), पेशीचं जुळवून घेणं, कॅल्सिफिकेशन (ऊतींत कॅल्शियम साचणं), रंगद्रव्यं, सगळं चार रंगांच्या पेनांनी लिहिलेलं. नेक्रोसिस आणि अपॉप्टोसिसमधल्या फरकांचा दहा ओळींचा तक्ता तर तिने डोळे मिटून म्हणून दाखवला.

"मॅम, सगळं येतं," ती म्हणाली. "पेपरात मात्र येत नाही."

हे वाक्य विद्यार्थ्यांकडून इतक्यांदा ऐकलेलं असतं की आपण लगेच 'सराव कमी पडला' असं म्हणून मोकळे होतो. मीही मनात तेच म्हटलं होतं.

अडचण

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते पाहायला पेशीच्या इजेवरचे चाळीस बहुपर्यायी प्रश्न दिले. एकोणीस बरोबर आले. इथपर्यंत नवल काही नाही. पण चुकलेले एकवीस प्रश्न मी पर्याय झाकून तोंडी विचारले तेव्हा चित्र बदललं. चार प्रश्नांत तिला माहितीच नव्हती. तीन घाईत चुकीचे वाचले होते. उरलेल्या चौदा प्रश्नांत लागणारी माहिती तिच्याकडे होती, तरी उत्तर चुकलं होतं.

त्या चौदांपैकी एक प्रश्न असा होता: छातीत कळ आल्यापासून दोन तासांत मृत्यू झाला, तर हृदयाच्या स्नायूची स्लाइड साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसेल? तिचं उत्तर, कोॲग्युलेटिव्ह नेक्रोसिस (ज्यात प्रथिनं साकळतात आणि ऊतीचा सांगाडा टिकतो) आणि न्यूट्रोफिल पेशींची, म्हणजे दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींची, गर्दी. हृदय म्हटलं की कोॲग्युलेटिव्ह, आणि नेक्रोसिस म्हटलं की दाह, अशी तिची साखळी. दोन्ही दुवे खरे आहेत. पण दोन तासांत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली फारसं काहीच दिसत नाही. फार तर कडेचे काही तंतू नागमोडी झालेले दिसतील. नेक्रोसिस डोळ्यांना दिसू लागायला चार ते बारा तास जातात आणि न्यूट्रोफिल पेशींची खरी गर्दी पहिल्या ते तिसऱ्या दिवसात होते.

दुसऱ्या प्रश्नात मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रं) सुजलेल्या होत्या आणि रायबोसोम (प्रथिनं बनवणारे कण) सुटे झाले होते. ही पेशी वाचेल का, असं विचारलं होतं. तिने 'नाही' म्हटलं, कारण 'इतकं बिघडलंय म्हणजे मेलीच'. मायलिन फिगर्स (इजा झालेल्या आवरणांच्या गुंडाळ्या) दिसल्या की ती डोळे झाकून 'परत न येणारी इजा' लिहायची. वास्तविक त्या भरून येणाऱ्या इजेतही दिसतात.

चौदाही प्रश्न एका कागदावर उतरवले आणि प्रत्येकाखाली पेन्सिलने एकच शब्द अधोरेखित करत गेले. दोन तास. तिसरा दिवस. सुरुवातीला. त्यानंतर. अकरा प्रश्नांत असा काळाचा किंवा टप्प्याचा शब्द होता आणि वाचताना तिची नजर त्यावरून घसरून गेली होती. तिच्या वहीतली पेशी एकतर धडधाकट होती किंवा मेलेली. मधला प्रवास कुठेच नव्हता. वहीची चूक म्हणता येणार नाही, पाठ्यपुस्तकातली चित्रंही 'आधी' आणि 'नंतर' अशीच शेजारीशेजारी छापलेली असतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तिचाच होता: पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायचं. मला तो पटला नाही. चाळीसपैकी चारच ठिकाणी माहिती कमी असताना आठ आठवडे माहिती भरण्यात घालवायचे कशाला? पण तो नाकारताना तिच्या चेहऱ्यावरची भीती मी नीट ओळखली नाही. नापास झालेल्या विद्यार्थ्याला पुन्हा वाचण्यातून एक धीर मिळतो, त्याचीही किंमत असते.

दुसरा, रोज शंभर बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे. तिच्या मैत्रिणी तेच करत होत्या. याने वेग येतो, प्रश्नाची भाषा ओळखीची होते. पण जी चूक आपल्याला दिसतच नाही ती हजार प्रश्नांनंतरही हजार वेळा होते. शिवाय उत्तरं पाठ व्हायला लागतात, तो धोका वेगळा.

तिसरा, परीक्षा पुढे ढकलायची. तिने विचारलं होतं, मी थेट 'नको' म्हटलं. आज वाटतं, यावर निदान एक संध्याकाळ बोलायला हवं होतं.

चौथा पर्याय निवडला: एकच पेशी घ्यायची आणि ती मरेपर्यंत तिच्या शेजारी घड्याळ लावून बसायचं. वाचन कमी, कोरा कागद जास्त. प्रश्नांचा सराव शेवटच्या तीन आठवड्यांत. यात जोखीम उघड होती. दोन आठवडे तिला 'अभ्यास पुढे सरकला' असं वाटणार नव्हतं.

काय केलं: कोरा कागद

पहिल्या बैठकीत तिने निळ्या पेनाने अंड्यासारखी पेशी काढली. मध्ये केंद्रक, दोन मायटोकॉन्ड्रिया, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या (पेशीतल्या आवरणांच्या जाळ्याच्या) चार रेघा, त्यांवर रायबोसोमचे ठिपके, आवरणावर सोडियम-पोटॅशियम पंप. मी म्हटलं, "ऑक्सिजन बंद. आधी काय थांबेल?"

"सगळंच."

"सगळं एकदम थांबत नाही गं. पहिलं काय?"

बराच वेळ पेन कागदावर टेकून होतं. मग तिने मायटोकॉन्ड्रियावर फुली मारली. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, कमी. तिथून आम्ही एकेक बाण काढत गेलो. पंप एका फेरीत तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. एटीपी नाही, तर सोडियम आत साचतं, त्याच्यामागे पाणी येतं, पेशी आणि रेटिक्युलम फुगतं. दुसरीकडे ग्लायकोलिसिस, म्हणजे ऑक्सिजनविना साखर मोडणं, वेग घेतं, ग्लायकोजेनचा (साखरेचा) साठा संपतो, लॅक्टिक आम्ल साचतं, आम्लता वाढते, केंद्रकातलं क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांचं जाळं) गोळा होऊ लागतं. रायबोसोम रेटिक्युलमवरून सुटतात, प्रथिनं बनणं मंदावतं. कॅल्शियमचा पंपही ढेपाळतो. कॅल्शियम एरवी पेशीद्रवात बाहेरच्या तुलनेत नगण्य असतं. ते आता वाढतं आणि फॉस्फोलायपेज, प्रोटिएज, एंडोन्यूक्लिएज अशी घरचीच एन्झाइमं घर पाडायला लागतात.

इथे मी तिला थांबवलं आणि बाणांच्या मधोमध एक आडवी रेघ मारायला सांगितली. रेघेच्या वर ऑक्सिजन परत आला तर पेशी सावरते. रेघेच्या खाली नाही. कुठे मारायची? तिने फुगलेल्या पेशीखाली मारली, मग खोडली. रेघ ठरवणाऱ्या गोष्टी दोन आहेत: ऑक्सिजन मिळूनही मायटोकॉन्ड्रियाचं काम पूर्ववत न होणं, आणि आवरणांचं फाटणं, पेशीचंही आणि पचनाची एन्झाइमं साठवणाऱ्या लायसोसोमचंही. पेशी किती सुजली, रायबोसोम सुटले का, यावरून रेघ ठरत नाही. या एका रेघेवर पाऊण तास गेला.

मग घड्याळ. मेंदूतल्या चेतापेशी तीन ते पाच मिनिटांत रेघ ओलांडतात, हृदयाचा स्नायू वीस ते तीस मिनिटांत, पायाचा स्नायू मात्र दोन-तीन तास तग धरतो. हृदयाचं उदाहरण घेऊन तिने शेजारी घड्याळं काढली. रक्तपुरवठा तुटल्यावर एक-दोन मिनिटांत स्नायू नीट आकुंचन पावेनासा होतो. अर्ध्या तासाच्या आसपास पेशी मरायला लागते. मेलेल्या पेशीतून प्रथिनं गळून रक्तात दिसू लागायला साधारण दोन तास किंवा अधिक लागतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली चार ते बारा तास. नुसत्या डोळ्यांना बहुधा बारा तासांनंतरच.

"म्हणजे पेशी मेल्यावरही बराच वेळ स्लाइडवर जिवंतच दिसते?" तिने विचारलं. छातीत कळ आल्याचा तो प्रश्न तिला तिथे सुटला. मी उत्तर सांगितलं नव्हतं. मृत्यूची खूण म्हणून आपण जे पाहतो, ते प्रथिनांचं साकळणं आणि एन्झाइमांनी केलेलं पचन असतं, आणि या दोन्हींना वेळ लागतो. शवविच्छेदनात ताजा आघात शोधायचा तर टेट्राझोलियमचं द्रावण वापरतात, तेही आघात दोन-तीन तासांचा झाल्यावर उपयोगी पडतं. निरोगी स्नायू विटकरी लाल होतो, मेलेला फिका राहतो, कारण त्यातली डिहायड्रोजिनेज एन्झाइमं गळून गेलेली असतात.

तिसऱ्या बैठकीत मी यकृताकडे वळले. "पेशीत चरबी का साठते?" तिने यादी म्हटली: मद्य, लठ्ठपणा, मधुमेह, कुपोषण, कार्बन टेट्राक्लोराइड. मी काही न बोलता तिच्या जुन्या चित्रातल्या रायबोसोमच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. ती पाहत राहिली. "रायबोसोम सुटले... प्रथिन नाही... अपोप्रोटीन नाही." मग जवळजवळ ओरडलीच, "चरबीला बाहेर न्यायला गाडीच नाही!" कार्बन टेट्राक्लोराइडचं हेच होतं. त्यापासून बनणारे मुक्त मूलक (अस्थिर, चटकन अभिक्रिया करणारे रेणू) रेटिक्युलमचं आवरण जाळतात, दोन तासांच्या आत रायबोसोम सुटतात, ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, आतच अडकतात.

यानंतर ती प्रत्येक गोष्टीला एटीपीच्या दारातून आत आणू लागली. तिथे मला लगाम घालावा लागला. कार्बन टेट्राक्लोराइड आवरणाच्या दारातून येतो, किरणोत्सर्ग डीएनएच्या. दारं वेगळी, आतल्या काही खोल्या सामाईक.

दुसरा निर्णय: तक्ता बंद

अपॉप्टोसिसकडे आलो तेव्हा तो दहा ओळींचा तक्ता मी बाजूला ठेवायला लावला. तक्त्यामुळे तिला वाटत होतं की हे दोन मृत्यू म्हणजे दोन वेगळी गावं. प्रत्यक्षात तीच इजा सौम्य असेल तर पेशी अपॉप्टोसिसने जाऊ शकते आणि तीव्र असेल तर नेक्रोसिसने, कारण नीटनेटकं मरायलाही एटीपी लागतं. मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडतं, कॅस्पेज ९ (पेशी मोडणाऱ्या एन्झाइमांपैकी एक) जागं होतं, मग कॅस्पेज ३. बाहेरून संदेश आला तर कॅस्पेज ८ मार्गे त्याच कॅस्पेज ३ पर्यंत. पेशी आक्रसते, आवरण शाबूत राहतं, तुकडे शेजारच्या भक्षकपेशी गिळतात, दाह होत नाही. नेक्रोसिसमध्ये आवरण फुटतं, ऐवज बाहेर सांडतो, म्हणून दाह. तक्त्यातल्या दहापैकी सात ओळी 'आवरण शाबूत की फुटलं' या एका प्रश्नातून निघतात, हे तिने स्वतः मोजून दाखवलं.

अपॉप्टोसिस हा शब्द केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये रूढ केला, पानं गळण्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. सी एलेगन्स या इवल्याशा कृमीच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यांपैकी १३१ ठरलेल्या वेळी मरतात. हे तिला इतकं आवडलं की वहीच्या मुखपृष्ठावर १३१ लिहिलं. परीक्षेला उपयोग शून्य, पण मी अडवलं नाही.

कॅस्पेज दिसलं की अपॉप्टोसिस, ही तिची आणखी एक जुनी खोड. पायरोप्टोसिस या पेशीमृत्यूच्या आणखी एका प्रकारात कॅस्पेज १ असतं आणि दाह जोरात होतो. नेक्रोप्टोसिस या दुसऱ्या प्रकारात कॅस्पेजचं काम नसतं, तरी मृत्यू ठरवूनच घडवलेला असतो. इथे तक्ता नसल्याचा फायदा झाला.

तोटा सातव्या आठवड्यात कळला. माझ्या एका सहकाऱ्याने पूर्ण लांबीचा सराव पेपर तपासला. 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नावर तिने दीड पान सुंदर परिच्छेद लिहिले होते. तपासणाऱ्याने समासात लिहिलं होतं, 'मुद्दे शोधावे लागले.' गुण निम्म्याहून कमी. ज्या तक्त्यावर मी बंदी घातली होती तोच परीक्षेत लागत होता. दोन संध्याकाळी आम्ही तो पुन्हा उभा केला, या वेळी समजलेल्या कारणांवरून. ते झालंही पटकन, पण ते दोन दिवस अमायलॉइडसाठी (ऊतींत साचणाऱ्या विकृत प्रथिनासाठी) राखलेले होते.

स्लाइड

प्रात्यक्षिकाचा विचार आम्ही उशिरा केला, ही माझी मोठी चूक. पाचव्या आठवड्यात मूत्रपिंडाच्या इन्फार्क्टची (रक्तपुरवठा तुटून मेलेल्या भागाची) स्लाइड लावली. तिने नळीतून पाहिलं आणि सांगितलं, "मूत्रपिंड, नॉर्मल."

"का?"

"नलिका दिसतायत की. ग्लोमेरुलसही आहे."

"एका नलिकेतली केंद्रकं मोज."

ती मोजायला लागली. फोकस खालीवर केला. थोड्या वेळाने म्हणाली, "नाहीयेत." शेजारची नलिका, तीतही नाहीत. गुलाबी भिंती उभ्या, आत कोणी नाही. मग तिने स्लाइड हळूहळू सरकवली आणि इन्फार्क्टच्या कडेला निळ्या ठिपक्यांची, म्हणजे दाहातल्या पेशींच्या केंद्रकांची, दाट रांग लागली तेव्हा तिने श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

कोॲग्युलेटिव्ह नेक्रोसिसमध्ये सांगाडा का टिकतो, हे तिला शब्दांत येत होतं: प्रथिनं साकळतात, त्यांत पचन करणारी एन्झाइमंही साकळतात, म्हणून काही काळ पचन थांबतं. रंग जास्त गुलाबी का, तेही येत होतं: आरएनए गेलं म्हणून निळेपणा गेला, साकळलेली प्रथिनं इओसिन हा गुलाबी रंग जास्त धरतात. पण हेच डोळ्यांसमोर आलं की ओळखता येत नव्हतं. त्यानंतर प्रत्येक बैठकीची पहिली दहा मिनिटं सूक्ष्मदर्शकाला दिली. मेंदूच्या इन्फार्क्टची स्लाइड पाहिल्यावर तिथे मात्र रक्तपुरवठा तुटूनही ऊती विरघळते, लिक्विफॅक्टिव्ह होते, हा अपवाद तिला वेगळा पाठ करावा लागला नाही. भिंतीच उरल्या नव्हत्या.

काय झालं

फेरपरीक्षेत ती पास झाली. गुण भरघोस नव्हते, पण काठावरचेही नव्हते. आमच्या चाळीस प्रश्नांचाच दुसरा संच शेवटच्या आठवड्यात दिला होता, त्यात एकतीस बरोबर आले. चुकलेल्या नवांपैकी काळाच्या शब्दावर घसरलेला एकच. सहा ठिकाणी माहितीच नव्हती, म्हणजे आता खरोखर वाचनाची गरज होती.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, हृदयाच्या आघातानंतर भिंत फुटण्याचा धोका कधी सर्वांत जास्त? तिने आधी घड्याळ सांगितलं: तिसऱ्या ते सातव्या दिवसात मॅक्रोफेज (भक्षकपेशी) मेलेला स्नायू उचलून नेत असतात, नवं कोलॅजन अजून यायचं असतं, तेव्हा भिंत सर्वांत मऊ. पुढचा प्रश्न अमायलॉइडवर आला. काँगो रेड या रंगाने साध्या प्रकाशात नारिंगी-गुलाबी आणि ध्रुवित प्रकाशात सफरचंदी हिरवं, इथपर्यंत जमलं. एएल आणि एए या प्रकारांचं मूळ प्रथिन कोणतं, इथे गाडी अडली. ते दोन दिवस तिथे नडले.

एक गोष्ट अजिबात सुधारली नाही. निओप्लेझियाच्या (गाठी आणि कर्करोगाच्या) प्रश्नांत तिचे गुण आधी होते तेवढेच राहिले. घड्याळाची ही पद्धत ती आपोआप पुढच्या प्रकरणांना लावेल, असं मी गृहीत धरलं होतं. तिने नाही लावली. डिस्प्लेझिया (पेशींची बिघडलेली वाढ), कार्सिनोमा इन सिटू (जागच्या जागी असलेला कर्करोग), बेसमेंट मेम्ब्रेन (पेशींच्या थराखालचा पडदा) ओलांडणं, हाही प्रवासच आहे आणि त्यातही एक रेघ आहे, हे मी एकदा तरी कागदावर काढून दाखवायला हवं होतं.

आज करायचं झालं तर

चुकलेले प्रश्न पर्याय झाकून तोंडी विचारायचे, हे मी आजही पहिल्याच दिवशी करते. यात तासभर जातो आणि पुढचे कित्येक वाचतात. तक्त्यावर मात्र बंदी घालत नाही. विद्यार्थ्याला तो लिहू देते आणि प्रत्येक ओळीसमोर 'का' असा रिकामा रकाना वाढवते. पहिल्या खेपेला तो बहुतेक कोराच राहतो.

सराव पेपर दुसऱ्याकडून तपासून घेणं सातव्या आठवड्यापर्यंत लांबवत नाही, तिसऱ्यात करते. आपल्याच विद्यार्थ्याचं उत्तर वाचताना गाळलेला दुवा आपण नकळत मनात भरून घेतो. परक्या परीक्षकाला ती सवलत द्यायचं कारण नसतं.

परीक्षा पुढे ढकलायची का, या प्रश्नावर माझं मत अजून पक्कं नाही. 'स'ला ढकलावी लागली नाही, पण पहिले दोन आठवडे तिला झोप लागत नव्हती, हे तिने मला निकालानंतर सांगितलं. कागदावर बाण काढत असताना मैत्रिणींचे रोजचे शंभर प्रश्न तिच्या डोळ्यांसमोर नाचत होते. तेव्हा रोज निदान दहा प्रश्न हातात ठेवले असते तर माझ्या आराखड्याला काही धक्का लागला नसता.

आणि सूक्ष्मदर्शक. मूत्रपिंडाची तीच स्लाइड आता पहिल्या बैठकीत लावते, एक शब्दही शिकवायच्या आधी. बहुतेक जण 'नॉर्मल' म्हणतात. मी केंद्रकं मोजायला सांगते आणि गप्प बसते.